पालथा ओमेगा

मे महिन्यात नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या कॅलिब्रेशन लॅबमधून, म्हणजे मोजमापाची साधनं तपासून देणाऱ्या प्रयोगशाळेतून, कुणी लवकर घरी जात नाही. बाहेर पंचेचाळीस, आत वीस. त्या दुपारी रसायनशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक ऑटोतून उतरले ते एका जुन्या प्रमाणित रोधाची लाकडी पेटी पोटाशी धरूनच. कॉलेजच्या प्रदर्शनात ती ठेवायची होती आणि शेजारी चिठ्ठी लावायची होती: मोजून आलेली तेव्हाची किंमत अमुक, आजची तमुक.

पेटीत पितळी डबा, एबोनाइटचं झाकण, आत मँगनिन या मिश्रधातूच्या तारेचं वेटोळं. पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेल्या पिवळ्या कार्डावर निळ्या शाईत लिहिलं होतं: १९३८, तापमान २० अंश, ०.०१०००१२, आणि पुढे पालथा ओमेगा. म्हणजे म्हो, वाहकत्वाचं जुनं एकक; वाहकत्व म्हणजे रोधाचा व्यस्त. विद्रावांची वाहकता मोजणाऱ्यांना रोधापेक्षा वाहकत्वच जवळचं, म्हणून त्यांनी शंभर ओहमच्या वेटोळ्याची किंमतही म्होमध्ये मांडली असावी.

डबा ऑइल बाथमध्ये बुडवून तापमान स्थिरावेपर्यंत थांबलो. सरांनी तेवढ्यात दोन चहा घेतले. चार टोकांनी मोजल्यावर आकडा आला १००.०३९० ओहम. उलटा केला: ०.००९९९६१ सीमेन्स, म्होचंच आजचं नाव. कार्डापेक्षा ५१० पीपीएमनी, म्हणजे दहा लाखांत ५१० भागांनी कमी.

"सर, वेटोळं ड्रिफ्ट झालंय," मी म्हणालो. खरं तर मनात 'गेलं' हाच शब्द होता. मँगनिनचं जुनं वेटोळं नीट सांभाळलं असेल तर एवढं सरकत नाही. ओल लागली असेल, नाहीतर कुणी जास्त करंट सोडला असेल.

सर काही बोलले नाहीत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कार्ड डोळ्यांजवळ नेलं आणि कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. 'इंट.'

इंटरनॅशनल! माझी मान खाली गेली. १९४८ च्या आधीचा ओहम वेगळा होता. वितळत्या बर्फाच्या तापमानाला १०६.३०० सेंटिमीटर लांबीचा, १४.४५२१ ग्रॅम वजनाचा, सारख्या जाडीचा पाऱ्याचा स्तंभ घ्यायचा. त्याचा रोध म्हणजे एक इंटरनॅशनल ओहम. पुढे मोजमापं सुधारली तेव्हा कळलं, की ज्या निरपेक्ष ओहमशी तो जुळायला हवा होता त्याच्यापेक्षा तो किंचित मोठा आहे. एक इंटरनॅशनल ओहम म्हणजे आजचे १.०००४९ ओहम. १ जानेवारी १९४८ पासून तो व्यवहारातून गेला, पण असल्या कार्डांवर अजून जिवंत आहे.

मग मी हुशारी दाखवली. कार्डावरच्या आकड्याला १.०००४९ नं गुणलं. तफावत मिटायच्या ऐवजी थेट १००० पीपीएमवर गेली.

"भाऊ, काहून डोक्याले हात लावून बसले?" आमच्या मदतनिसानं विचारलं.

दोन-तीन मिनिटं खरंच सुचेना. चूक पोरकट होती. ओहम मोठा, म्हणजे म्हो लहान. गुणायचं नाही, भागायचं. 'ओहम' उलटा लिहून 'म्हो' हे नाव लॉर्ड केल्विननं १८८३ साली सुचवलं. नाव उलटं, चिन्ह उलटं, आणि मी मात्र सुलटाच गुणक लावून बसलो होतो. भागाकार केला: ०.००९९९६३. आमच्या आकड्याशी फरक २० पीपीएम. इतक्या वर्षांत फक्त वीस! त्यातही चार-पाच पीपीएम त्या गुणकाचेच असू शकतात, कारण प्रत्येक देशाचा इंटरनॅशनल ओहम थोडा वेगळा होता, अमेरिकेचा १.०००४९५ धरतात.

आमच्या नव्या ट्रेनी मुलीनं विचारलं, "मग २० मे २०१९ ची दुरुस्ती नाही लावायची?" प्रश्न चांगला होता. १९९० पासून जगानं क्वांटम हॉल परिणामातून मिळणारा, सगळीकडे सारखाच येणारा रोध २५,८१२.८०७ ओहम असा ठरवून घेतला होता. २०१९ मध्ये प्लांकचा स्थिरांक आणि इलेक्ट्रॉनचा प्रभार कायमचे ठरले आणि तो २५,८१२.८०७४५ झाला. फरक ०.०१८ पीपीएमच्या आसपास. आमच्या मोजणीतली अनसर्टन्टी, म्हणजे अनिश्चितता, पाच पीपीएमची. आमच्या काट्याला तो दिसायचाच नाही. आम्ही मोजतो त्याची साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेमार्गे त्या क्वांटम रोधापर्यंत पोचते, एवढंच आमचं त्याच्याशी नातं.

सरांनी तो आकडा पाकिटाच्या पाठीवर लिहून घेतला आणि विचारलं, "याचा व्यस्त किती?"

"३८.७४ मायक्रोसीमेन्स. अतिथंड अर्धवाहकाला जबर चुंबकीय क्षेत्रात ठेवलं, की त्याचं हॉल वाहकत्व याच्याच पूर्ण पटींच्या पायऱ्यांवर थांबतं. फॉन क्लिट्झिंग या जर्मन भौतिकशास्त्रज्ञानं १९८० मध्ये हेच पाहिलं."

"म्हणजे पटी वाहकत्वाच्या. रोधाच्या नाहीत."

"हो. रोध मग भागून निघतो."

सर गालात हसले. "तुमच्या विजेवाल्यांनी आम्हाला जन्मभर ओहमच शिकवला नं!"

सर्टिफिकेटवर म्हो छापता येणार नाही हे मी आधीच सांगून ठेवलं. १९७१ पासून अधिकृत एकक सीमेन्सच. त्यांनी मान डोलावली. आठवड्यानं प्रदर्शनाला गेलो तर पेटीशेजारच्या चिठ्ठीवर दोन्ही किमती नीट टाइप केलेल्या होत्या, आमचं 'सीमेन्स'ही होतं. त्याच्या पुढे निळ्या शाईत, हातानं, एक पालथा ओमेगा काढलेला होता.