के बेल्ला प्योज्जा

बुधवार, रात्री

तोंडातून निघून गेलं ते गेलं. विसरायचं ठरवलं होतं, पण भांडी घासताना पुन्हा आठवलं आणि तवा आपटला. हा आतून म्हणाला, काय झालं? काही नाही म्हटलं.

झालं एवढंच. इटालियनच्या क्लासहून आले, दारात छत्री झटकत होते. तळमजल्यावरच्या सिन्योरा दार अर्धं उघडून रस्त्याकडे बघत उभ्या होत्या. तीन महिन्यांत आमचं 'बोन्जोर्नो'च्या पुढे गाडं सरकलेलं नाही. आज माझ्याकडे ताजं, पाठ केलेलं, व्याकरणशुद्ध वाक्य होतं. हसून म्हणाले, "के बेल्ला प्योज्जा!" काय सुंदर पाऊस!

त्या बघतच राहिल्या. "एह," म्हणाल्या. मग, "स्पेर्यामो के झ्मेत्ता." थांबू दे म्हणजे झालं. पुढे पुटपुटल्यासारखं "दुए आन्नि फा..." आणि दार लागलं.

आणि मी वेडी तिथेच उभी. 'फा'च्या पुढे काय येतंय त्याची वाट बघत! गेला आठवडाभर आम्ही हवापाणीच शिकतोय. 'के तेंपो फा?' म्हणजे हवा कशी आहे. फा काल्दो, उकडतंय. फा फ्रेद्दो, गारठा आहे. इथे हवा काहीबाही 'करत' असते. आपल्याकडे ऊन पडतं, आभाळ येतं, थंडी वाजते. (थंडी 'वाजते' कशी, हे क्लासमधल्या मोरोक्कोच्या बाईंना सांगता सांगता माझीच बोबडी वळली, शेवटी दात वाजवून दाखवले.) तर मी दारासमोर उभी, दोन वर्षं काय करतात, उकडतात की गारठतात? जिना अर्धा चढल्यावर उजाडलं. 'फा' म्हणजे 'पूर्वी'सुद्धा. दोन वर्षांपूर्वी.

तेव्हा कुठे भिंतीकडे नीट बघितलं. छातीच्या जरा वर, जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत, तो फिकट तपकिरी पट्टा. मी ओल समजत होते. घरमालकाला मनातल्या मनात नावंही ठेवून झाली होती. पण ओल कधी पाणसळ लावल्यासारखी सरळ रेघ मारते का? आणि दाराच्या दोन्ही बाजूंना खाली त्या धातूच्या खाचा. फळी बसवायच्या आहेत त्या, पाणी आत येऊ नये म्हणून. पारातीए म्हणतात. मला वाटलं होतं सरकत्या दाराच्या असतील.

मे २०२३मध्ये पंधरा दिवसांत दोनदा लामोने नदी या आमच्या इटलीतल्या फाएंझा गावात शिरली. सप्टेंबर २०२४मध्ये परत पूर. हे मला माहीत नव्हतं असं नाही, इथे यायचं ठरलं तेव्हा वाचलं होतं सगळं. पण बातमीतलं फाएंझा वेगळं आणि जिथे मी कांदे-बटाटे आणते ते फाएंझा वेगळं, असंच काहीतरी डोक्यात असणार.

आणि हे मला कळू नये? सांगलीच्या बाईला?

आमच्याकडे ऑगस्टमध्ये हवेवर गप्पा म्हणजे आकडे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला किती फूट? कोयनेतून किती सोडलंय? २०१९ला आयर्विनला ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा गावभागातल्या घरात ओट्यावर पाणी होतं. नंतर चार दिवस खराट्याने गाळ ओढला. प्लायवूडचं कपाट पुरणपोळीसारखं फुगलं होतं. आईने अल्बम उन्हात ठेवले, पण फोटो एकमेकांना असे चिकटले होते की... जाऊ दे. तेव्हा कुणी दारात येऊन 'काय सुंदर पाऊस' म्हणालं असतं तर आईने खराटाच उगारला असता.

मग मी का म्हणाले?

पुस्तकात सूर्य हसरा, खाली 'बेल्लो'. ढग रडका, खाली 'ब्रुत्तो'. चांगलं आणि वाईट, संपली हवा. मी हात वर केला, आमच्याकडे पाऊस बेल्लो असतो! मोरोक्कोच्या बाईंनी जोरजोरात मान हलवली, त्यांच्याकडेही. शिकवणाऱ्या बाई खूश झाल्या, त्यांनी फळ्यावर लिहिलं, के बेल्ला प्योज्जा. सगळ्या वर्गाने म्हटलं. केवढी फुशारले मी. तीन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझं ऐकून फळ्यावर लिहिलं होतं.

पण तो पाऊस माझा नव्हताच. तो भजी-चहाचा, पुण्यातल्या हॉस्टेलच्या खिडकीतला. दोनच विशेषणं येत असली की माणूस त्यातलं बरं दिसणारं उचलतो. मराठीत मी अशी नाही हो. मराठीत माझ्याशी वाद घालायला लोक घाबरायचे. इथे एक्केचाळिसाव्या वर्षी ढगाला रंग देते आणि शेजारणीच्या जखमेवर सुंदर पाऊस पाडते. हा ऑफिसात इंग्रजीत बोलतो, त्याचं बरं आहे. त्या विषयावर आज नको.

'ओ फ्रेद्दो' म्हणजे मला थंडी वाजतेय, हे मात्र येतं. वाजतेय.

गुरुवार, सकाळी

रात्री दीडपर्यंत एक वाक्य जुळवलं. आंके आ कासा मिया, ल'आक्वा ए एन्त्राता. माझ्याही घरात पाणी शिरलं होतं. पाणी इथे बाई आहे, म्हणून 'एन्त्राता', हे दोनदा तपासलं.

कागदाचा कचरा ठेवायला खाली गेले, तर सिन्योरा त्या खाचा चिंधीने पुसत होत्या. "आंके आ कासा मिया..." एवढं नीट आलं. पुढचं क्रियापद ऐन वेळी पळालं. मग हातानेच दाखवलं, कमरेच्या वर, ओट्याएवढं. आक्वा.

सिन्योरांनी चिंधी खाली ठेवली. माझ्या हाताकडे बघितलं. मग स्वतःचा हात सपाट धरून हनुवटीखाली नेला. दाराच्या आत बोट केलं. आत अजून खोल आहे, दोन पायऱ्या उतरून.

जिंकल्या.

"फिऊमे?" नदी?

"कृष्णा."

"हारे क्रिश्ना?"

"नो, नो. फिऊमे."

त्या एवढ्या हसल्या की मलाही आवरेना. मग फ्रीजचं विचारलं. तरंगला का? तरंगला, म्हटलं, हाताने आडवा करून दाखवला. त्यांचाही. वॉशिंग मशीन? आमचं वर माळ्यावर चढवलं होतं, पण 'माळा' कुठून आणू, नुसतं वर बोट केलं. त्यांना वाटलं देवाघरी गेलं. त्यांनी मान हलवली. मीही दुरुस्त केलं नाही.

बाहेर आभाळ पुन्हा भरून येत होतं. त्यांनी वर बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "फा ब्रुत्तो."

"फा ब्रुत्तो," मी म्हटलं.

वर आले तर कागदाची पिशवी हातातच.