तुम्ही विचारलंत म्हणून: आपल्यातून लुका का निघत नाही?

बास्केटबॉलचा सराव संपला की मुलांना न्यायला आलेले पालक मला हमखास हा प्रश्न विचारतात. शब्द इकडचे तिकडे होतात, रोख तोच. "मॅडम, एवढ्याशा देशातून तो लुका निघतो, मग आपल्याकडून एकही का नाही?" आणि त्याला जोडून दुसरा, जरा हळू आवाजात: "आमच्या ह्याची उंची वाढेल ना?"

दोन्ही प्रश्न खरे आहेत आणि दोन्हींची उत्तरं उभ्या उभ्या देता येत नाहीत. म्हणून एकदा नीट लिहून काढते.

ज्यांनी हे नाव फक्त मुलांच्या तोंडून ऐकलंय त्यांच्यासाठी थोडं सांगते. लुका डॉन्चिच हा स्लोव्हेनियाचा, जन्म 1999चा, गाव ल्युब्लियाना. वडील साशा स्वतः बास्केटबॉल खेळायचे. एकोणिसाव्या वर्षी त्याने स्पेनच्या रेआल माद्रिदकडून युरोलीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकली आणि त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. त्याच्याएवढ्या लहान वयात तो मान त्याआधी कुणाला मिळाला नव्हता. त्याच वर्षी, 2018 मध्ये, तो अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये गेला आणि डॅलसकडून खेळू लागला. डिसेंबर 2022 मध्ये न्यूयॉर्कविरुद्ध एकाच सामन्यात 60 गुण, 21 रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू) आणि 10 असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास). जानेवारी 2024 मध्ये अटलांटाविरुद्ध 73 गुण. फेब्रुवारी 2025 मध्ये डॅलसने त्याला लॉस एंजेलिसच्या लेकर्सला देऊन टाकलं, तेव्हा आमच्या ग्रुपमधली दहा-बारा वर्षांची पोरं घरातलं कुणीतरी परगावी निघाल्यासारखी हळहळत होती.

आता स्लोव्हेनिया केवढा, ते बघा. लोकसंख्या एकवीस लाखांच्या आसपास, क्षेत्रफळ वीस हजार चौरस किलोमीटर. आपला नाशिक जिल्हा साडेपंधरा हजार चौरस किलोमीटरचा आणि 2011च्या जनगणनेत लोकसंख्या एकसष्ट लाख. म्हणजे इगतपुरीपासून मालेगावापर्यंतच्या आपल्या एका जिल्ह्यात तीन स्लोव्हेनियांची माणसं राहतात. त्या देशाने 2017 मध्ये एकही सामना न हरता युरोपचं अजिंक्यपद जिंकलं, अंतिम सामन्यात सर्बियाला हरवून. लुका तेव्हा अठरा वर्षांचा होता. तेव्हा लोकसंख्येचा हिशोब इथेच बाजूला ठेवू. त्याने काहीच कळत नाही.

हे एकट्या लुकाचंही नाही. एनबीएमध्ये हंगामाच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान 2019 ते 2025 अशी सलग सात वर्षं अमेरिकेबाहेरच्या खेळाडूंकडे गेला: ग्रीसचा यानिस अँटेटोकुंपो, सर्बियाचा निकोला योकिच, कॅमेरूनमध्ये जन्मलेला जोएल एम्बीड आणि कॅनडाचा शे गिल्जस-अलेक्झांडर. 2023चा हंगाम सुरू झाला तेव्हा लीगमध्ये 40 देशांतले 125 परदेशी खेळाडू होते. एनबीएचे संघ दरवर्षी क्रमाने नवे खेळाडू निवडतात, त्यात त्याच वर्षी पहिल्या क्रमांकावर निवडला गेला तो फ्रान्सचा व्हिक्टर वेम्बान्यामा. आणि त्याच वर्षीच्या विश्वचषकात अमेरिका जर्मनीकडून उपांत्य सामना हरली, मग तिसऱ्या क्रमांकासाठी कॅनडाकडूनही. ज्यांनी हा खेळ जन्माला घातला, त्यांनाच आज इतरांकडून शिकावं लागतंय. मला याचा मनापासून आनंद होतो, कारण दार उघडं आहे याचा याहून मोठा पुरावा नाही.

आता उंची. वेम्बान्यामाची सात फूट चार इंच आहे, हे खरंच. पण आपल्याकडेही उंची होती. पंजाबमधल्या बल्लो के गावचा सतनामसिंग भामरा सात फूट दोन इंचांचा. 2015 मध्ये डॅलसने त्याला 52व्या क्रमांकावर निवडलं, एनबीएच्या निवडीत आलेला भारतात जन्मलेला पहिला खेळाडू तो. पण मुख्य लीगमध्ये त्याला एकही सामना खेळायला मिळाला नाही. उलट योकिच. 2014 मध्ये त्याची निवड 41व्या क्रमांकावर झाली, धड उडी मारता येत नाही असं त्याच्याबद्दल बोललं जायचं, आणि आज तो तीन वेळा सर्वोत्तम ठरलेला खेळाडू आहे. लुकाही एनबीएच्या मानाने पळण्यात साधाच. उंची कामाला येते, मी नाही म्हणत नाही. पण मोजपट्टी घेऊन माझ्याकडे येऊ नका. तुमच्या मुलाची उंची बरीचशी त्याच्या हाडांत ठरलेली आहे, तिच्यावर माझा-तुमचा फारसा इलाज नाही. बाकीचं पुष्कळ आपल्या हातात आहे.

ते बाकीचं काय, हे लुकाच्या लहानपणात दिसतं. आठ वर्षांचा असताना तो ल्युब्लियानाच्या ऑलिंपिया क्लबमध्ये आपल्या वयाच्या मुलांबरोबर सरावाला गेला. प्रशिक्षकाने काही मिनिटं बघितलं आणि त्याला तिथून उचलून दोन-तीन वर्षांनी मोठ्या मुलांत टाकलं. त्यानंतर बहुतेक काळ तो आपल्यापेक्षा मोठ्यांशीच खेळला. 2012 मध्ये, तेरा वर्षांखालच्या एका स्पर्धेत, रोममध्ये, अंतिम सामन्यात एकट्याने 54 गुण केले. त्याच वर्षी रेआल माद्रिदने त्याच्याशी पाच वर्षांचा करार केला. तेरा वर्षांचा मुलगा, आई ल्युब्लियानात, स्पॅनिश भाषा येत नाही. सोळा वर्षं आणि दोन महिन्यांचा असताना त्याला मुख्य संघातून उतरवलं आणि पहिलाच चेंडू त्याने तीन गुणांच्या रेषेबाहेरून रिंगमध्ये टाकला. अठरा-एकोणीसच्या वयात, एका हंगामात, स्पेनची लीग आणि युरोलीग धरून तो साठाहून अधिक सामने खेळला. समोर तिशीतली, लग्न झालेली, पोटासाठी खेळणारी माणसं.

मुलं फोनवर त्याचा स्टेप-बॅक बघतात. चेंडू घेऊन पुढे झेपावल्यासारखं करायचं, मग झटकन मागे पाऊल टाकून शॉट मारायचा. दुसऱ्या दिवशी कोर्टवर सगळे मागे उड्या मारत असतात. मी त्यांना तोच व्हिडिओ हळू करून दाखवते आणि सांगते, मागची उडी विसरा, त्याच्या आधीचा पाय बघा. लुका वेगाने आलेला असतो आणि एका पायावर पूर्ण थांबतो. गुडघा वाकलेला, पार्श्वभाग खाली, खांदे पायाच्या मागे, चेंडू कमरेच्या बाजूला. डिफेन्सवाला अजून पळतोय आणि हा थांबलाय. जी जागा तयार होते ती तिथे होते. मागचं पाऊल नंतरचं आहे.

आमचं कोर्ट सिमेंटचं आहे, त्यावर कायम बारीक वाळू असते, आणि मुलांचे बूट टाचेला झिजलेले. थांबायला गेलं की पाय घसरतो. म्हणून आम्ही आधी झाडू मारतो, मग खडूने रेघ ओढतो. तीन पावलं जोरात, रेघेवर थांबायचं, चेंडू दोन्ही हातांत, एक श्वास, मग पुढचं. एवढंच. हे कंटाळवाणं आहे आणि मी ते रोज करून घेते. माझ्याकडे एक सातवीतली मुलगी आहे, अंगाने बारीक, उंचीने वर्गात मधल्या रांगेतली. ती आता रेघेवर अशी थांबते की मोठी मुलं तिच्या पुढे निघून जातात आणि ती निवांत ले-अप (रिंगजवळून अलगद टाकायचा शॉट) टाकते. हे तिला दोन पावसाळ्यांत आलं. तिला पुढची पाच वर्षं मिळाली तर काय होईल, ते मला बघायचं आहे.

आणि इथेच माझं उत्तर आहे. ती पाच वर्षं आपल्याकडे मिळत नाहीत.

आठवी संपते, आणि एक दिवस फोन येतो, "मॅडम, आता क्लास सुरू झालाय, कॉलेज रोडला, संध्याकाळी पाच ते आठ. दहावी झाली की परत पाठवू." दहावी झाली की अकरावी येते आणि त्याबरोबर जेईई नाहीतर नीट. परत कुणी येत नाही. आलंच तर सोळा-सतराव्या वर्षी, पाय जड झालेले, आणि मधल्या काळात चेंडू हातात धरलेला नाही. लुका ज्या वयात माद्रिदला पोचला, त्याच वयात आपली मुलं कोर्टवरून उतरतात. तेरा ते अठरा. चांगली मुलं आपल्याकडे जन्मत नाहीत असं मला कधीच वाटलं नाही. ती मला दर जूनमध्ये दिसतात.

दुसरी अडचण सामन्यांची. शालेय स्पर्धा असतात: चौदा, सतरा, एकोणीस वर्षांखालील; तालुका किंवा महापालिका, जिल्हा, विभाग, राज्य. पण सामने बहुधा बाद पद्धतीने. पहिलाच सामना हरला की त्या वर्षापुरतं आटोपलं. एखादा संघ वर्षभर घाम गाळतो आणि चाळीस मिनिटंसुद्धा पुरती न खेळता घरी येतो. हरल्यावर आठवड्याने पुन्हा त्याच संघाशी खेळायला मिळालं पाहिजे, तेव्हा मुलाला कळतं आपलं काय चुकलं. युरोपातल्या क्लबांमध्ये लहान वयोगटांपासून लीग असते ती यासाठीच. क्रीडागुणांसाठी प्रमाणपत्र मिळालं म्हणजे मूल खेळाडू झालं, असं नाही.

हे सगळं मी दिंडोरीच्या एका द्राक्ष बागाईतदार पालकांना सांगत होते. त्यांनी मला मध्येच थांबवलं. म्हणाले, "कळलं. माल ऑक्टोबरच्या छाटणीनंतर दिसतो, पण काडीत घड एप्रिल छाटणीनंतरच धरतो. तेव्हा दुर्लक्ष केलं तर नंतर कितीही औषधं मारा." त्यांचा मुलगा दहावीतही येत राहिला.

पैशांचं म्हणाल, तर तोही प्रश्न खरा आहे. यानिसचे आईवडील नायजेरियातून अथेन्सला आलेले, कागदपत्रांशिवाय. तो आणि त्याचे भाऊ रस्त्यावर घड्याळं आणि गॉगल विकायचे. तिथल्या एका प्रशिक्षकाने आधी त्या घराच्या उत्पन्नाची सोय लावायला हातपाय हलवले, तेव्हा कुठे पोरगं कोर्टवर आलं. सतनामच्या बाबतीतही लुधियानाची अकादमी होती, जिथे गावातला मुलगा राहू शकला, जेवू शकला, रोज खेळू शकला. तो तिथून चौदाव्या वर्षी फ्लोरिडाला गेला. मोठ्या झालेल्या प्रत्येकामागे कुणीतरी त्या मधल्या वर्षांचा खर्च उचललेला असतो.

आणि हे नाशिकमध्ये होत नाही असं मला सांगू नका. सावरपाड्याची कविता राऊत आपल्या डोळ्यांदेखत घडली. भोसला सैनिकी शाळेचं मैदान, विजेंदरसिंग सरांसारखा वर्षानुवर्षं एका जागी टिकलेला प्रशिक्षक, आणि बरोबर धावणारी मुलं. 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्य, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. तिच्यानंतर याच शहरात धावणाऱ्या मुलींची रीघ लागली. धावण्यात जे जमलं ते बास्केटबॉलमध्ये जमायला हरकत काय आहे? आपल्या राज्यात पुण्याच्या शिरीन लिमयेने भारताच्या महिला संघाचं नेतृत्व केलंच आहे.

नाशिकमधून एनबीएला कुणी जाईल की नाही, याची हमी मी देत नाही, कुणीच देऊ शकत नाही. पण आपलं एखादं मूल एकोणिसाव्या वर्षी भारताच्या संघात दिसावं, यासाठी काय लागतं ते मला माहीत आहे आणि त्यातलं अर्धं तुमच्याकडे आहे.

म्हणून हे मागते. नववी-दहावीत सराव बंद करू नका, कमी करा. आठवड्यातून तीन दिवस पाठवा, क्लासची वेळ सांगा, मी सकाळी साडेपाचला कोर्टवर येते. मूल आपल्या वयाच्या मुलांना सहज हरवत असेल तर त्याला मोठ्यांच्या गटात जाऊ द्या, तिथे ते आधी हरेल, रडेल, तेव्हा त्याला घरी ठेवू नका. मुलगी असेल तर वयात आल्यावर खेळ थांबवू नका. तिच्या अडचणी माझ्याशी मोकळेपणाने बोला, त्यासाठीच मी आहे. आणि शहरातल्या चार-पाच ग्रुपनी मिळून रविवारची लीग सुरू करायची आमची धडपड चालू आहे, बाद पद्धत नाही, प्रत्येक संघ प्रत्येकाशी दोनदा खेळणार. त्यासाठी स्कोअरशीट लिहायला, घड्याळ धरायला, वाळू झाडायला माणसं हवी आहेत. मुलाला सोडून परत जाण्याऐवजी तेवढा वेळ थांबा. स्कोअरशीट कशी लिहायची ते मी दहा मिनिटांत शिकवते.