खांदा आखडलेला नव्हता, तरी शेक चालूच होता

खांदा दुखतो म्हणून कुणी ‘फ्रोजन शोल्डर’ सांगितलं, तर पैसे भरण्याआधी घरी एक गोष्ट करून बघा. पाठीवर झोपा, कोपर कमरेला टेकवून काटकोनात वाकवा आणि घरातल्या कुणाला तरी तो हात हळूच बाहेरच्या बाजूला न्यायला सांगा. खांदा खरंच आखडला असेल तर दुसऱ्याने नेला तरी हात अडतो. माझा हात सहज जात होता. हे तपासायला अर्धं मिनिट पुरतं. जळगावच्या ज्या दवाखान्यात मी गेले, तिथे ते अर्धं मिनिट कुणी दिलं नाही आणि त्याचा राग मला अजून आहे.

मी ४३ वर्षांची. जळगावातच राहते आणि काही वर्षांपासून नियमित वजनं उचलते. मार्चमध्ये जिमच्या नव्या वेळापत्रकात बेंच प्रेस (बेंचवर पाठीवर झोपून रॉड छातीवरून वर ढकलणं) आणि डोक्यावरचा प्रेस (वजन डोक्यावर ढकलणं) एकदमच वाढले आणि उजव्या दंडाच्या वरच्या भागात, बाहेरून, कळ यायला लागली. हात बाजूने वर नेताना साधारण ६० ते १२० अंशांच्या मध्येच दुखायचं, त्याच्या वर गेला की पुन्हा बरं. रात्री त्या कुशीवर झोपता येईना.

दवाखान्यात वय विचारलं, साखर विचारली, एक्स-रे काढला. साखर ठीक होती, एक्स-रे ठीक होता. चाळिशीनंतरच्या बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये खांदा आखडण्याचं प्रमाण जास्त असतं हे खरंच आहे. पण म्हणून माझाही आखडलाय, हे हात न लावता कसं ठरलं? “जिम बंद करा, कायमचं. या वयात वजनं कशाला?” असं सांगून मला खालच्या मजल्यावर फिजिओथेरपीला पाठवलं. पैसे आगाऊ भरायचे, रोज यायचं.

रोज तेच. नंबर लावायचा, बाकावर बसायचं. नंबर आला की आधी गरम पट्ट्याचा शेक, मग खांद्याला चार पॅड लावून करंट, मग जेल लावून अल्ट्रासाऊंडचं मशीन. मे महिन्यात इथे पारा ४५च्या आसपास जातो, त्यात तो गरम पट्टा. मध्येच लाईट गेली की मशीन बंद आणि पुन्हा बाक. मशीन लावणारी मुलगी तिला सांगितलेलं नीट करत होती, तिच्यावर माझा राग नाही. मी विचारायचे, “ताई, व्यायाम कधी देणार?” उत्तर ठरलेलं: “आधी दुखणं जाऊ द्या.” मशीन लावल्यावर तासभर बरं वाटायचं, संध्याकाळी कपडे वाळत घालायला हात वर केला की कळ तिथेच.

माझ्या शेजारी पारोळ्याकडच्या एक आजी असायच्या. त्यांचा खांदा खरोखर आखडलेला होता. एकदा माझ्याकडे बघत म्हणाल्या, “माय, मना हात वर जातच नही. तुना ते जास ना!” निदान करायला बसलेल्यांना जे दिसलं नाही, ते त्यांना बाकावरून दिसलं. आणि तरी आम्हा दोघींना तोच पट्टा, तेच पॅड, तेवढाच वेळ. हात कुठपर्यंत जातो हे त्या सगळ्या काळात कुणी एकदाही मोजलं नाही. तुमच्याकडेही असं चाललं असेल तर सरळ विचारा: काय झालंय, कशावरून ठरवलं आणि मी घरी काय करायचं? या तिन्हींची उत्तरं मिळत नसतील तर उरलेले पैसे सोडून द्या. मी सोडले.

त्याआधी एमआरआयही झाला होता. सुप्रास्पायनाटसच्या, म्हणजे हात बाजूने वर उचलणाऱ्या खांद्याच्या स्नायूच्या, टेंडनमध्ये (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीत) अर्धवट फाट, असा रिपोर्ट. घरात सगळे घाबरले. भुसावळच्या एका फिजिओ मॅडमनी तो वाचला, बाजूला ठेवला आणि आधी माझा हात तपासला: त्यांनी नेला तर कुठवर जातो, त्या दाबत असताना माझा जोर किती लागतो. जोर चांगला होता. मग त्यांनी सांगितलं की १९९५च्या एका अभ्यासात खांदा अजिबात न दुखणाऱ्या ९६ लोकांचे एमआरआय काढले, तर ३४ टक्क्यांत फाट दिसली, साठीपुढच्यांत तर ५४ टक्क्यांत. नुसत्या रिपोर्टवरून ऑपरेशनचा विचार करायचा नाही. त्या रात्री मी शांत झोपले.

एक सांगायचं राहिलं, कुशीवर झोपताना दुखरा खांदा वर ठेवा आणि छातीशी उशी घेऊन तिच्यावर हात टेकवा. खूप फरक पडतो.

भुसावळच्या मॅडमनी दिलेले व्यायाम साधे होते. कुशीवर झोपून हलक्या डंबेलने हात बाहेर फिरवणे, रबरी पट्टा मागे ओढणे, भिंतीवर पुशअप करून शेवटी पाठ थोडी अजून मागे ढकलणे. नियम असा: दुखणं दहापैकी चारपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते पहिल्यासारखं खाली आलं पाहिजे. नाही आलं तर वजन कमी करायचं, व्यायाम सोडायचा नाही. टेंडन सावकाश सुधारतो, १२ आठवड्यांच्या आत निकाल मागू नका. डेडलिफ्ट (जमिनीवरचा रॉड उचलून उभं राहणं) आणि पायांचे व्यायाम चालूच ठेवायला सांगितले, आणि हे ऐकून मला सगळ्यात जास्त आनंद झाला. बेंचऐवजी जमिनीवर झोपून डंबेल प्रेस, तळवे एकमेकांकडे. कोपर जमिनीला टेकतं, त्यामुळे खांदा फार मागे जात नाही. मानेमागून प्रेस आणि अपराइट रो (उभं राहून रॉड हनुवटीकडे वर ओढणं) सध्या बंद.

पडल्यावर हात अचानक उचलता येत नसेल, खांदा सुजून ताप असेल, किंवा डाव्या खांद्यासोबत छातीत जडपणा आणि घाम असेल, तर यातलं काही करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

पोळ्याच्या सुमाराला बेंचवर परत आले, कोपरं अंगापासून साधारण ४५ अंशांवर ठेवून. आता न दुखता जमतंय आणि याचा मला अभिमान आहे. डोक्यावरचा प्रेस अजून बाकी आहे. मोठा रॉड रिकामाच २० किलोचा असतो, म्हणून सुरुवात डंबेलने करायची असं मॅडमनी सांगितलंय.