आग लागून गेलेला स्लॅब

परवा आग लागलेल्या एका गोडाऊनचा स्लॅब बघायला गेलो होतो, मालक म्हणाले, साहेब वरून प्लास्टर मारून घेऊ ना, काळं तर झालंय फक्त. मला खरंच पोटात गोळा आला. काजळी पुसली तर खाली काँक्रीट फिकट गुलाबी, म्हणजे तिथं उष्णता साधारण ३०० डिग्रीपर्यंत तरी पोचली होती (आपल्या काळ्या खडीत हा रंग तसा कमीच उठतो), आणि हातोडीने ठोकलं की टणटण नाही, भद्द आवाज.

होतं काय, तापल्यावर खडी फुगते आणि सिमेंटची पेस्ट पाणी उडून आक्रसते, मग दोघांची पकड सुटते. ६०० डिग्रीच्या आसपास ताकद निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येते आणि थंड झालं म्हणून ती परत येत नाही. उलट साडेचारशेच्या पुढे पेस्टमधला चुना भाजून कळीचा चुना होतो, तो नंतर हवेतली ओल ओढून फुगतो, म्हणजे आग विझल्यावर कित्येक दिवसांनीही तडे वाढतात! म्हणून मी आधी खाली टेकू लावायला सांगितले, मग ताकद तपासायला कोअर (स्लॅबमधून कापून काढलेले काँक्रीटचे गोल नमुने) काढायचे ठरवले.