ताडपत्री आणि वास्को : आमची वाटचाल

गोव्यात वास्कोत आमचा ताडपत्री शिवायचा धंदा आहे आणि गिऱ्हाईक सगळे टिप्परवाले, म्हणजे लोहखनिज आणि कोळसा वाहणारे ट्रकवाले.

सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने लोहखनिजाच्या खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. सावर्डे-कुडचड्याच्या खाणपट्ट्यातले टिप्पर दारात उभे, बँकेचे हप्ते चालू. शिवून ठेवलेला माल उचलायला कोणी येईना. २०१४ त बंदी उठली, पण वर्षाला २ कोटी टनांच्या मर्यादेने. २०१८ त ८८ खाण-लीजांचं (भाडेपट्ट्यांचं) नूतनीकरण रद्द झालं आणि पुन्हा तेच. कुडचड्याचे एक टिप्परमालक खडीच्या भाड्यावर गाड्या चालवत होते. "दादा, नवी परवडत नाही, कोपरे तेवढे बदला," म्हणत जुन्या ताडपत्र्या पाठवत राहिले. मशीन बंद पडली नाही ती त्यांच्यामुळे.

सावरतोय तोवर शेजारी एकाने १२० जीएसएमचं (दर चौरस मीटरला १२० ग्रॅम वजनाचं) पातळ प्लास्टिक ताडपत्री म्हणून निम्म्या भावात काढलं. पुढच्या कडेखाली वारा शिरतो, कापड फडफडतं, आयलेट (दोरी ओवायची कडी) उपटतं, कोपरा फाटतो. मग ड्रायव्हर दोरी सैल सोडतो आणि कोळशाची भुकटी वास्कोतल्या बायणा, सड्याच्या घरांत जाते. २०१७ त मुरगाव बंदर विस्ताराच्या जनसुनावण्यांना वास्कोकर चिडून बोलले ते याच धुळीवर. बंदर वाढावं, आमचं पोट त्यावर आहे. पण गावाला खोकत ठेवून नव्हे. हे बोललो तर धंदेवाल्यांतच आम्हाला वेडं ठरवलं, याची सल आहे.

आमची ताडपत्री २५० जीएसएमची. काठात नायलॉन दोरी, दर दीड फुटाला पितळी आयलेट, कोपऱ्यांना दुहेरी पट्टी. दोरा पॉलिएस्टरचाच, सुती पावसात कुजतो. टिप्परचा हौदा १४ बाय ७ फुटांचा असेल तर १८ बाय १२ ची घ्या. खनिज जड, १० टन चारेक घनमीटरात मावतं, हौद्याच्या बाजूच्या फळीखाली राहतं. तेवढ्याच वजनाचा कोळसा बारा घनमीटरांच्या आसपास जातो, ढीग फळीवर येतो. वाराही तोच उचलतो. म्हणून कोळसा फळीच्या अर्धा फूट खालीच भरा, वजन कमी पडलं तरी चालेल.

आधी पुढची कड आवळा, मग बाजू, मागची झूल शेवटी. कोळशावर पाणी हलकंच मारा, जास्त झालं की मागच्या फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या झडपेच्या) फटीतून काळा चिखल रस्त्यावर सांडतो आणि सुकला की टायरखाली पीठ होऊन उडतो. त्या फटीला रबराची पट्टी लावा. तीही आम्ही देतो, वेगळे पैसे घेत नाही.