झडती आठवेना तेव्हा

हरभऱ्याच्या ओलिताला यंदाही रात्रीचीच लाइन आहे. बारा वाजता थ्री फेज येते, मोटार सुरू होते, आणि मग दर तीन तासांनी स्प्रिंकलरचे पाइप उचलून पुढच्या पट्ट्यात मांडायचे. मधल्या वेळात धुऱ्यावर घोंगडं पांघरून माणसानं करायचं तरी काय? मी मोबाइलवर सिनेमे पाहतो. या हिवाळ्यात का कोण जाणे, लोकांना हसवणाऱ्या माणसांवरचे सिनेमेच पाहत सुटलो. त्यात हसू फारसं येत नाही.

पहिला पाहिला तो २००२ चा माहितीपट, 'कॉमेडियन'. जेरी साइनफेल्ड हा अमेरिकेत घराघरात पोचलेला विनोदवीर. १९९८ मध्ये त्याची मालिका संपली, आणि त्याच वर्षी एका कार्यक्रमात शेवटचे सांगून त्यानं आपले सगळे जुने विनोद मोडीत काढले. त्या कार्यक्रमाच्या सुरुवातीला त्या विनोदांची चक्क मयत दाखवली आहे, तेरवी तेवढी राहिली. मग हा करोडपती गडी पाच-दहा मिनिटांचा नवा माल घेऊन छोट्या छोट्या क्लबांत उभा राहतो. एका रात्री बोलता बोलता अडकतो. पुढचं आठवतच नाही.

तिथं मी सिनेमा थांबवला. ती शांतता माझ्या चांगल्या ओळखीची आहे.

आठवीत होतो. पोळ्याला आखरावर आंब्याच्या पानांचं तोरण लागलेलं, खाली बैलांची रांग, आणि झडत्यांचा, म्हणजे पोळ्याला म्हणायच्या यमकी ओळींचा, आवाज चढत चाललेला. मी स्वतः जुळवलेली झडती घेऊन पुढं झालो:

'कापूस रे कापूस, लय आला फुटून,'

आणि संपलं. दुसरी ओळ डोक्यातून साफ गेली. अख्खं गाव माझ्याकडं पाहतंय, आमच्या बैलाच्या गळ्यातली घंटी तेवढी वाजतेय. शेवटी मागून कोणीतरी ओरडलं, 'अबे, खिशात चिठ्ठी पाह्य ना!' त्यावर जे हसले लोक! त्या वर्षी सगळ्यात जास्त हशा मलाच मिळाला, पण तो माझा नव्हता.

तयारीत कसूर नव्हती. आठ दिवस गोठ्यात गोऱ्ह्यांसमोर म्हणत होतो. 'द किंग ऑफ कॉमेडी' या सिनेमात विनोदवीर व्हायला निघालेला रॉबर्ट डी नीरो घराच्या तळघरात पुठ्ठ्याच्या कापलेल्या माणसांशी गप्पा मारतो आणि वरून आई ओरडते, ते पाहून मला आमचा गोठाच आठवला. आमची आईही ओरडायचीच: 'काहून बोंबलतं रे, गोऱ्हे बुजतीन ना!'

जोन रिव्हर्स या अमेरिकन विनोदी कलाकारावरचा २०१० चा माहितीपट मात्र मी दोनदा पाहिला. पंचाहत्तरी गाठलेली बाई. आयुष्यभराचे विनोद कार्डांवर टाइप करून विषयवार खणांत लावून ठेवलेले, तलाठ्याच्या दप्तरासारखे. आणि तिला भीती कसली, तर कोऱ्या डायरीची. ज्या पानावर कार्यक्रमाची तारीख नाही, ते पान.

आमच्या मोठ्या बाबांकडं ना कार्ड ना डायरी. पण पोळ्याची एक, लग्नातली दुसरी, तेरवीच्या पंगतीत हळूच सांगायची तिसरी, असा सगळा माल डोक्यात लावलेला. चाळीस वर्षं तोच. साइनफेल्डला जुना विनोद परत सांगायची लाज वाटते; मोठ्या बाबांनी नवीन काही काढलं तर लोकच खवळतात. 'हे राहू द्या, ते सासऱ्याच्या धोतराचं सांगा.' शेवट सगळ्यांना पाठ, तरी पोट धरून हसतात. मला याचं कोडं अजून सुटलेलं नाही.

गेल्या पोळ्याला मोठे बाबा काठी टेकत आखरावर आले. वय ऐंशीच्या वर, दात दोन. तोरणाखाली उभे राहिले, हात वर केला, पहिली ओळ म्हटली आणि थांबले. ओठ हलत होते, शब्द येईना. माझ्या पोटात गोळा आला. मला आठवीतली ती घंटी ऐकू यायला लागली.

तेवढ्यात रांगेतून एकानं दुसरी ओळ म्हटली. तिसरी पाचदहा जणांनी. चौथीला कालची पोरंसुद्धा होती. मोठे बाबा नुसते मान डोलवत राहिले, आणि शेवटाला मात्र त्यांचाच आवाज सगळ्यांच्या वर निघाला:

'एक नमन गौरा पारबती, हर बोला...'

बैल बुजले. तोरण तुटलं. संध्याकाळी घरोघरी बोजारा, म्हणजे पोळ्याची बक्षिसी, घेताना मोठे बाबा मला म्हणाले, 'पाह्यलं का बे, पोट्ट्यांची तयारी करून घेतली मी.'

तीन वाजले. पाइप बदलायचे आहेत.