तिखटाचं लाल लेबल, हळदीचं पिवळं लेबल

आमच्या बचत गटाच्या तिखटाचं लेबल लाल. हळद विकायची ठरली तेव्हा काकूनं, म्हणजे आमच्या अध्यक्षबाईंनी, एका वाक्यात काम सांगितलं, "तेच राहू दे वं पोरी, फक्त पिवळं करून दे."

तेच राहू द्यायचं कारण होतं. आठवडी बाजारात गिऱ्हाईक गटाचं नाव वाचत नाही, चित्र ओळखतं. जात्यावर बसलेली हिरव्या लुगड्यातली बाई, वर मोठी पांढरी अक्षरं, भोवती गडद वेलबुट्टीची किनार. आमचा वर्धा जिल्ह्यातला समुद्रपूर तालुका. याच तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा तेही नाव लेबलवर टाकू असं एकीचं म्हणणं पडलं. पण मानांकनाचं नाव नोंदणी झालेल्या वापरकर्त्यांनाच लावता येतं, म्हणून आम्ही नुसतं 'हळद पावडर' ठेवलं.

मूळ फाइल छापखान्याकडे सापडली नाही. हाती होतं ते व्हॉट्सअ‍ॅपवर कधीतरी आलेलं चित्र, लांब बाजू १६०० पिक्सेल. लेबल सहा इंची, म्हणजे इंचाला साधारण २६६ पिक्सेल पडतात. हातात धरायच्या पाकिटाला तेवढे पुरतात. लॅपटॉपवर गिंप हे चित्रांवर काम करायचं सॉफ्टवेअर होतंच. फुकट मिळतं आणि जुन्या मशीनवरही चालतं.

रंग बदलायचं हत्यार म्हणजे कलर्स मेनूतलं ह्यू-सॅच्युरेशन. त्यात रंगचक्र अंशांत मोजतात: लाल ०, पिवळा ६०, हिरवा १२०. मधलं मास्टर बटण तसंच ठेवून ह्यू, म्हणजे रंगचक्रावरची जागा, सरकवलं तर चित्रातले सगळेच रंग फिरतात. आमच्या लेबलवर शाकाहारी खूण आहे, हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका. तीही निळसर झाली असती, आणि कायद्यानं ती हिरवीच लागते. म्हणून फक्त लाल निवडायचा आणि तेवढाच सरकवायचा. पूर्ण ६० अंशांवर लिंबाचा पिवळा येतो. हळदीसाठी मी ४५ च्या आसपास थांबले.

पार्श्वभूमी झकास पिवळी झाली. काकू मागं उभी होती. ती म्हणाली, "अवो माय, या बाईचं कुकू कुठी गेलं?"

कुंकू पिवळं झालं होतं. ओठही. कातडीचा रंग लालाच्या शेजारचाच, त्यामुळे बाई कावीळ झाल्यासारखी दिसत होती. पाटावर वाती वळत बसलेल्या मावशींनी मान वर करून सांगितलं की असं लेबल आपल्याला चालत नाही. संगणकाला लाल तेवढा लाल, त्यातला कुंकवाचा कोणता हे त्याला कसं कळणार.

उपाय सोपा, पण निवांत बसून करायचा. मूळ चित्राची प्रत वरच्या थरावर ठेवली, तिला काळा लेयर मास्क लावला आणि बाईपुरता तो पांढऱ्या ब्रशनं रंगवला. मास्कचा पांढरा भाग दिसतो, काळा झाकला जातो. ब्रश कडेला मऊ ठेवला, नाहीतर बाई कात्रीनं कापून चिकटवलेली वाटते. आमच्याकडे दुपारी वीज जाते आणि त्या लॅपटॉपची बॅटरी नावापुरती. त्यामुळे दर थोड्या वेळानं एक्ससीएफमध्ये, म्हणजे गिंपच्या स्वतःच्या फाइलीत, साठवत गेले. त्यात थर आणि मास्क शाबूत राहतात.

किनारीचं वेगळंच झालं. गडद लाल रंग डोळ्याला लालच दिसतो, पण पिवळा गडद केला की शेवाळी दिसायला लागतो. वेलबुट्टी अगदी डबक्यातली वाटत होती. उजळ करायला गेले तर फिकट पडली. शेवटी किनार पिवळी करायचीच नाही असं ठरवलं. त्याच मास्कवर तिलाही पांढरं केलं आणि ती मूळच्या गडद लालात राहू दिली. हळदीला कुंकवाची किनार, सगळ्यांना पटलं.

खरी मेहनत अक्षरांची. शुद्ध लालावर पांढरं अक्षर उठतं, उजेडाचा फरक चौपटीचा असतो. शुद्ध पिवळ्यावर तोच फरक जवळजवळ उरत नाही. अक्षरं किनारीच्या रंगाची करायला हवी होती. रंगानुसार निवडून बादलीनं रंग ओतला की प्रत्येक अक्षराभोवती करवतीच्या दात्यांची फिकट कड राहते. आमचं चित्र जेपेग फाइल होती, आणि जेपेगमध्ये रंगाची माहिती बहुतेक वेळा उजेडापेक्षा भरड साठवलेली असते, त्यामुळे नुसत्या रंगावर केलेली निवड कडेला फसते.

इथं कामी आलं डीकंपोज. कलर्स मेनूत कंपोनंट्समध्ये ते सापडतं. चित्राचे लाल, हिरवा, निळा असे तीन करडे भाग वेगळे होतात. लाल पट्ट्यावर पांढरी अक्षरं असतील तर हिरव्या भागात पट्टा जवळजवळ काळा आणि अक्षरं पांढरी उतरतात, कडांचे मऊ करडे ठिपके सुद्धा. लेव्हल्स या उजेड-अंधार बदलायच्या हत्यारानं काळा आणखी काळा केला. मग त्या पट्ट्यापुरता एक थर सपाट पिवळा भरला, त्यावर दुसरा गडद लाल, आणि हा करडा भाग त्या लाल थराला मास्क म्हणून चिकटवला. अक्षरं स्वच्छ उमटली, काना-मात्रांसकट. खालचा थर सपाट पिवळा नसता तर जुन्या पांढऱ्याची आभा कडेनं डोकावली असती.

छपाईसाठी हिंगणघाटला गेले. पडदा उजेडानं रंग दाखवतो, कागद शाईनं, त्यामुळे पडद्यावर पाहून पिवळा ठरवण्यात अर्थ नाही. एकाच कागदावर पिवळ्याच्या चढत्या छटांचे चौकोन छापून आणले. पिवळ्या शाईत मॅजेंटा, म्हणजे छपाईची गुलाबी शाई, कुठं नावाला, कुठं जरा जास्त. अंगणात उन्हात कागद पसरून बायांनी प्रत्येक चौकोनावर चिमूट-चिमूट हळद ठेवली. सगळ्यात शुद्ध पिवळा पहिल्याच फेरीत बाद. "हा तं सरकीच्या तेलाचा डब्बा दिसते," असा निकाल लागला. जरा केशरीकडे झुकणारा चौकोन ठरला आणि त्याची शाईची टक्केवारी मी लिहून ठेवली.

आता धणे पावडरीचं मागणं आहे, आणि ते लेबल हिरवं हवं. यात बाईचं कुंकू सुरक्षित आहे, पण लुगडं पार्श्वभूमीत बुडतं आणि शाकाहारी खूणही. ती खूण वेगळी उठून दिसेल अशाच पार्श्वभूमीवर असावी लागते, म्हणून तिच्याखाली पांढरा चौकोन टाकला आहे. लुगडं कोणत्या रंगाचं करायचं यावर मात्र गटात अजून एकमत नाही. काकू जांभळ्यावर अडून बसली आहे.